जुनी फोर बाय फोर घ्यायचीय आणि घरात पोरं वाढतायत? मग मागची सीट आधी बघा

घरात दुसरं लेकरू आलं की हॅचबॅक छोटी पडायला लागते, आणि नेमक्या त्याच वेळेला घरातल्या कुणाला तरी रस्त्यावर फक्त थार दिसायला लागते. नवीन घ्यायची तर बजेट बसत नाही, मग जुनी शोधायची, आणि मग रात्री दीडपर्यंत सेकंडहँड गाड्यांच्या जाहिराती, 'डॉक्टरांची गाडी, सिंगल ओनर, फक्त सुट्टीला चालवली'. (महाराष्ट्रातले डॉक्टर एवढ्या गाड्या विकतात कधी आणि दवाखाना चालवतात कधी देव जाणे.)

हौस करा, पण ऑफरोड गाडी घेताना सगळे आधी फोर बाय फोरचा लिव्हर बघतात, मग टायर, मग रंग, आणि मागची सीट सगळ्यात शेवटी. फॅमिलीसाठी घेत असाल तर हे बरोब्बर उलटं करायचं.

पण त्याच्याही आधी एक विचारा स्वतःला, फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकांना ताकद देणारी गाडी, लागतेय का खरंच? गावचं घर कोकणात आहे, शेवटचा एक-दोन किलोमीटर लाल मातीचा चढ आहे, पावसाळ्यात तिथे गाडी घसरते, तर हो, लागते. शेतावर जायचंय, काळ्या मातीत चाक रुततं, तरी लागते. पण वर्षातून दोनदा ताम्हिणीतून धबधबे बघत जायचं आणि एकदा भंडारदऱ्याला मुक्काम करायचा, एवढ्यासाठी नाही लागत. तिथे डांबरी रस्ते आहेत, खड्ड्यांसाठी ग्राउंड क्लिअरन्स आणि चांगले टायर पुरतात. अशा वेळी टू व्हील ड्राइव्हची जरा नवी, जास्त एअरबॅगवाली गाडी त्याच पैशात येते आणि ती पोरांसाठी जास्त शहाणपणाची. लागतेच असं ठरलं असेल तर पुढे वाचा.

मागच्या सीटचं बघू. तीन दरवाजांची थार, म्हणजे २०२० ला आलेली, दिसायला काय सांगावं, पण मागे जायचं तर पुढची सीट वाकवून आत शिरायचं, आणि झोपलेलं वर्षाचं बाळ हातात घेऊन त्या फटीतून मागच्या कार सीटमध्ये बसवायचं, पट्टे लावायचे, हे भर पावसात एकदा करून बघा म्हणजे कमरेला विचारायची गरज राहत नाही. शिवाय ती चारच जणांची. जिम्नीला दरवाजे पाच, पण माणसं चारच. जिप्सीत मागे आडवी बाकडी, आणि ती मुळात १९८५ च्या जमान्यातली, एअरबॅग वगैरेचा प्रश्नच नाही. तुम्ही दोघं, दोन पोरं, इथपर्यंत ठीक, पण आजी-आजोबा यायचे म्हटले की दुसरी गाडी काढावी लागणार.

त्याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे आडव्या बाकड्यांच्या सीटा. जुनी थार सीआरडीई, बोलेरो, सफारी स्टॉर्म, स्कॉर्पिओची काही व्हेरियंट, यांच्यात मागे समोरासमोर तोंड करून बसायच्या सीटा असतात. विकणारा त्या मोजून 'सात सीटर' म्हणतो. त्यांच्यावर कार सीट बसत नाही, आणि जोरात ब्रेक लागला तर पोर आडवंच फेकलं जातं. लहान मुलांसाठी त्या सीटा धरूच नका, तिथे सामान ठेवा. आणि हो, २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटर वाहन कायद्यात १४ वर्षांखालचं मूल बेल्ट किंवा चाइल्ड सीटशिवाय बसवलं तर १००० रुपये दंड आहे, भले आपल्याकडे तो फारसा कुणाला लागताना दिसत नाही.

म्हणून ट्रायलला जाताना एकटं किंवा फक्त मित्राला घेऊन जायचं नाही. मित्र बॉनेट उघडून 'आवाज मस्त आहे रे' म्हणणार, त्याचा उपयोग शून्य. घरातली कार सीट काढून सोबत न्या आणि तिथेच बसवून बघा, आयसोफिक्सचे हुक (कार सीट थेट गाडीला अडकवायचे) आहेत का, नसतील तर बेल्ट तेवढा लांब पुरतो का, आणि कार सीट बसल्यावर पुढच्या माणसाच्या गुडघ्यांना जागा उरते का. दोन कार सीटा लावायच्या असतील तर दोन्ही लावून मधे आई बसते का ते बघा. आजीलाही न्या. लॅडर फ्रेमच्या, म्हणजे वेगळ्या लोखंडी सांगाड्यावर बॉडी बसवलेल्या गाड्या उंच असतात, गुडघे दुखणाऱ्या माणसाला पाय ठेवायला फूटबोर्ड आणि धरायला हँडल नसेल तर ती दोन वेळा चढेल आणि तिसऱ्या वेळी 'तुम्हीच जाऊन या' म्हणेल. मग डिकी. तिसरी रांग उभी असताना मागे काय मावतं ते बघायचं, स्कॉर्पिओ एनमध्ये सातही जण बसले की मागे जेमतेम दोन-तीन पिशव्या. म्हणजे सात माणसं किंवा पाच माणसं आणि सामान, असंच धरून चाला.

आता कुठल्या गाड्या बघाव्यात. माझं मत विचाराल तर बजेट जमत असेल तर २०२२ नंतरची स्कॉर्पिओ एन फोर बाय फोर सगळ्यात आधी, ग्लोबल एनकॅपच्या क्रॅश टेस्टमध्ये पाच स्टार आहेत, लो रेंज (कमी वेगात जास्त जोर देणारे गिअर) आहे, आणि महिंद्राचा मेकॅनिक तालुक्याला पण सापडतो. थार रॉक्स पाच दारांची, पण ती २०२४ ची असल्यामुळे सेकंडहँडमध्ये किंमत अजून उतरलेली नाही. कमी बजेटमध्ये जुनी स्कॉर्पिओ फोर बाय फोर किंवा सफारी स्टॉर्म फोर बाय फोर. स्टॉर्म २०१९ च्या आसपास बंद झाली, पण मधल्या सीटचा ऐसपैसपणा अजून भल्याभल्या गाड्यांना नाही, मिळाली तर २०१५ च्या शेवटानंतरची ४०० न्यूटन मीटरच्या, म्हणजे जास्त जोराच्या इंजिनवाली बघा. फॉर्च्युनर मजबुतीला तोड नाही, पण जुनी झाली तरी किंमत उतरत नाही आणि मागे बसणाऱ्याला जरा उसळते, उलटी होणारं पोर असेल तर लांबची ट्रायल घ्या. एंडेव्हर बसायला फॉर्च्युनरपेक्षा आरामशीर आणि जुनी घेताना बरीच स्वस्त पडते, पण फोर्डने २०२१ मध्ये भारतात गाड्या बनवायचं बंद करत असल्याचं जाहीर केलं, तेव्हा तुमच्या शहरात सर्व्हिस सेंटर चालू आहे का आणि पार्ट किती दिवसात येतात ते फोन करून विचारा. पजेरो स्पोर्टचं तर अजून अवघड, गाडी दणकट पण चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला.

नावावर जाऊ नका हां. थार म्हणजे फोर बाय फोरच असं नाही, जानेवारी २०२३ पासून रिअर व्हील ड्राइव्ह थार पण आलीय. स्कॉर्पिओ क्लासिक फक्त टू व्हील. २०२१ ची नवी सफारी आणि हॅरियर, त्यांच्यात टेरेनचं गोल बटण आहे पण ताकद जाते पुढच्याच चाकांना. डस्टर एडब्ल्यूडी, एक्सयूव्ही ५००, हेक्सा यांच्यात चारही चाकं फिरतात पण लो रेंज नाही. चिखलाचा सपाट रस्ता, ओलं गवत याला त्या पुरतात, पण सामान आणि सहा माणसं भरून दगडांचा खडा चढ चढायचा असेल तर लो रेंजच हवी. आरसीवर व्हेरियंटचं पूर्ण नाव वाचायची सवय लावा.

गाडी बघायला सकाळी जा आणि आधीच सांगा की मी येईपर्यंत स्टार्टर मारू नका. पोचल्यावर पहिल्यांदा बॉनेटला हात लावायचा. गरम लागलं तर समजायचं, थंड इंजिन सुरू होताना काहीतरी दिसतं जे तुम्हाला दाखवायचं नाहीये. सुरू झाल्यावर मागे उभं राहून धूर बघा, निळा म्हणजे ऑइल जळतंय, पांढरा थांबतच नसेल तर कूलंट किंवा इंजेक्टरची भानगड. चालू इंजिनवर ऑइलचं झाकण उघडलं आणि तिथून भकाभका वाफ आली तर नमस्कार करून निघायचं. एप्रिल २०२० नंतरची बीएस सिक्स डिझेल असेल तर डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारी जाळी) आला, आणि ही गोष्ट फॅमिलीवाल्यांनी नीट ऐका: रोजचं काम फक्त पोरांना शाळेत सोडणं आणि भाजी आणणं असेल तर डीपीएफ चोक होतो, त्याला अधूनमधून हायवेला लांब पळवावंच लागतं. आधीच्या मालकानेही नुसती शहरातच फिरवली असेल तर ती जाळी आता तुमच्या गळ्यात. असं रनिंग असेल तर पेट्रोल बघा, मायलेजचं दुःख वेगळं.

फोर बाय फोरची ट्रायल डांबरावर करायची नाही. थार, स्कॉर्पिओसारख्या पार्ट टाइम सिस्टीममध्ये मधला डिफरेन्शियल (पुढच्या आणि मागच्या चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा) नसतो, वळताना पुढची चाकं जास्त अंतर कापतात, मागची कमी, आणि कोरड्या डांबरावर चाक घसरायला जागा नसल्यामुळे सगळा ताण गिअर आणि शाफ्टवर येतो. मातीचं मैदान शोधा. फोर हायला (चारही चाकं, नेहमीचा वेग) टाकून हळू पुढे-मागे घ्या, मग गाडी थांबवून न्यूट्रलमध्ये फोर लो (चारही चाकं, लो रेंज). लागायला दोन-तीन सेकंद घेतले तर चालेल, पण खडखड करत असेल किंवा लागून सटकत असेल तर ट्रान्सफर केसचं (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणाऱ्या गिअरच्या डब्याचं) काम आहे आणि ते खिशाला कात्री लावणारं असतं. लो मध्ये पहिल्या गिअरला क्लच पूर्ण सोडून अॅक्सिलरेटरला पाय न लावता गाडी चढावर मुंगीच्या चालीने गेली पाहिजे. विकणारा म्हणाला, 'साहेब, आम्ही कधी फोर बाय फोर वापरलंच नाही', तर खूश होऊ नका, वर्षानुवर्षं न वापरलेली सिस्टीम जाम झालेली असू शकते.

मग गाडीखाली जा. गॅरेजमध्ये लिफ्टवर घेतली तर उत्तम, त्याचे पाच-सातशे रुपये द्या पण घ्याच. चॅसिसवर नवा काळा रंग चोपडलेला दिसला की त्याच्याखाली काय आहे हाच प्रश्न. स्क्रूड्रायव्हरच्या मागच्या बाजूने ठोकत जा, खणखणीत आवाज हवा, गंजलेल्या जागी बद्द येतो. कोकणातल्या आणि गोव्यातल्या गाड्यांमध्ये हे जास्त, आणि कुणी रील बनवायला बीचवर घातलेली असेल तर खारं पाणी आतून खात असतं. प्रॉपेलर शाफ्ट हाताने हलवून बघा, क्रॉसला, म्हणजे शाफ्टच्या सांध्याला, ढिलेपणा जाणवला तर आवाज येणारच. पुढच्या एक्सलचे रबरी बूट फाटलेत का, ग्रीस उडालंय का. आणि मेकॅनिकला सांगून दोन्ही डिफरेन्शियलचं ऑइल थोडं काढून बघा, ते दूध घातलेल्या चहासारखं दिसलं तर गाडी पाण्यात उभी होती.

पाण्याचं निघालंच आहे तर, पुरातल्या गाड्या. ऑगस्ट २०१९ ला सांगली-कोल्हापूर, जुलै २०२१ ला चिपळूण, महाड, किती गाड्या बुडाल्या आपण सगळ्यांनी पाहिलंय. त्यातल्या काही धुऊन पुसून दुसऱ्या जिल्ह्यात विकल्या जातात. वरून कीर्तन आतून तमाशा. मागच्या सीटचा बेल्ट अगदी शेवटपर्यंत बाहेर ओढा, शेवटच्या वीतभर पट्टीवर चिखलाची रेघ असते, कारण तेवढं कुणी धूत नाही. कार्पेट उचलून वास घ्या, सीटच्या रुळांचे बोल्ट गंजलेत का बघा. तारीख जुळवायची तर सर्व्हिस रेकॉर्डमध्ये त्या महिन्यानंतर मोठा खर्च दिसतो का आणि इन्शुरन्स क्लेम झालाय का ते विचारा. सर्व्हिस सेंटरला गाडीच्या नंबरावरून रनिंगपण कळतं, म्हणजे मीटर मागे फिरवलंय का तेही एका दगडात.

लिफ्ट किट, हे मोठे टायर, बंपरवर विंच, छतावर लाइटची रांग, असं सजवलेलं प्रकरण असेल तर किंमत वाढवून मागतील. तुम्ही कमी द्या. एक तर ती गाडी खरोखर दगडांवर आपटलेली आहे, दुसरं म्हणजे जानेवारी २०१९ च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालानंतर कंपनीच्या मूळ रचनेत बदल केलेल्या गाडीला आरटीओत त्रास होतो, आणि लोखंडी बुल बारवर तर २०१७ पासूनच बंदी आहे. टायरवरचा चार आकडी कोड वाचा, २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. नक्षी शिल्लक असली तरी सहा-सात वर्षांचा टायर बदलायच्याच यादीत.

कागदपत्रं थोडक्यात. परिवहनच्या साइटवर नंबर टाकून लोन, इन्शुरन्स, ब्लॅकलिस्ट बघा, ई-चलन वेगळं बघा, ऑफरोडवाल्यांच्या नावावर हायवेच्या स्पीडची चलनं ढिगाने असतात. चॅसिस नंबर आरसीशी स्वतः जुळवा. गाडी नावावर करायला फॉर्म २९ आणि ३०, बँकेचं लोन असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५, दुसऱ्या राज्यातली असेल तर फॉर्म २८ ची एनओसी. दिल्लीत जुन्या डिझेलवरच्या निर्बंधांमुळे तिकडच्या फॉर्च्युनर-एंडेव्हर स्वस्त दिसतात, पण इथे आणून महाराष्ट्राचा रोड टॅक्स पुन्हा भरायचा, एमएच नंबर घ्यायचा, एजंटची फी, हे सगळं बेरजेत धरून मग तुलना करा, बऱ्याचदा फरक उरतच नाही. आपल्याकडे १५ वर्षं झाल्यावर फेरनोंदणी आणि पर्यावरण कर आहे, तेव्हा चौदाव्या वर्षातली गाडी कुणी स्वस्तात देत असेल तर त्याला ते माहीत असतं.

सगळं बजेट गाडीवर उडवू नका, पंधरा-वीस टक्के बाजूला ठेवा. गाडी घरी आली की त्याच आठवड्यात इंजिन, गिअरबॉक्स, ट्रान्सफर केस, दोन्ही डिफरेन्शियल, ब्रेक, कूलंट, सगळी ऑइलं बदलायची, आधीच्याने काय टाकलंय याच्यावर विसंबायचं नाही. इन्शुरन्स १४ दिवसांत आपल्या नावावर करून घ्या, आधीच्या मालकाचा नो क्लेम बोनस तुम्हाला मिळत नाही त्यामुळे फरकाचे पैसे भरावे लागतात, पण तुमच्या जुन्या हॅचबॅकवरचा तुमचा स्वतःचा बोनस असेल तर ती विकताना त्याचं सर्टिफिकेट मागून घ्या, ते या गाडीला लागू होतं.