पेढीवरचं वायफाय: कामाचं वेगळं, खासगी वेगळं

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीचे सौदे संपले की ई-वे बिलं काढायची घाई असते, आणि नेमकं तेव्हाच नेट रखडतं. मोबाइलवर रील्स बघतात म्हणून कामगारांवर चिडण्याआधी कारण तपासा. राउटरच्या पानावर (ब्राउझरमध्ये टाकायचा पत्ता बहुधा १९२.१६८.०.१ किंवा १९२.१६८.१.१) जोडलेल्या उपकरणांची यादी दिसते. पुष्कळदा दोष रील्सचा नसून विंडोज अपडेटचा असतो. संगणकाच्या विंडोज सेटिंग्जमधल्या 'डिलिव्हरी ऑप्टिमायझेशन'मध्ये त्याच्या डाउनलोडचा वेग बांधता येतो.

मग 'गेस्ट नेटवर्क' (त्याच राउटरचं, वेगळ्या नावाचं दुसरं वायफाय) सुरू करून सगळ्यांचे मोबाइल त्यावर घ्या आणि राउटरमध्ये सोय असेल तर त्याच्या वेगाला मर्यादा घाला: ५० एमबीपीएसच्या लाइनवर १० पुरे. मुख्य नेटवर्कचा पासवर्ड त्याच दिवशी बदला, नाहीतर जुने फोन आपोआप तिथेच जोडले जातात. मॅक पत्त्यावरून (उपकरणाच्या ओळख-क्रमांकावरून) एकेक फोन अडवत बसू नका; आताचे अँड्रॉइड आणि आयफोन खरा पत्ता झाकून दुसराच दाखवतात, यादी फसते.

सरसकट बंदी तर नकोच. माणूस मोबाइल डेटावर जातो आणि घरचा निरोपही लपूनछपून बघू लागतो. जेवणाची सुट्टी मोकळी ठेवा. नियम मराठीत एका पानावर लिहून सह्या घ्या. कोणत्या साइट उघडल्या याची नोंद ठेवणार असाल, तर तेही त्याच पानावर आधी सांगा.