आपल्या माणसांच्या गोष्टी रेकॉर्ड करायच्यात ना, मग हे वाचा

२७ जुलै १९७८ ला मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेब आंबेडकरांचं नाव द्यायचा, म्हणजे नामांतराचा, ठराव झाला आणि त्यानंतर मराठवाड्यात दलित वस्त्या जाळल्या गेल्या, तेव्हा जो पोरगा वीस वर्षांचा होता तो आज सत्तरीला टेकलाय. पोलीस ॲक्शनच्या वेळी, निजामाचं हैदराबाद संस्थान भारतात आलं तेव्हा, म्हणजे १९४८ ला जे दहा वर्षांचं लेकरू होतं ते आता पंचाऐंशीच्या पुढं. दरवर्षी वस्तीतली दोन-तीन म्हातारी माणसं जातात आणि त्यांच्यासोबत सगळं जातं. म्हणून ज्यांना कुणाला वाटतं की एकदा बसून आजीचं, आबांचं ऐकून रेकॉर्ड करावं त्यांनी पुढच्या सुट्टीची वाट पाहू नका. मी काही वर्षांपासून हे करतोय, त्यातून जे समजलं ते सांगतो.

आधी प्रश्नाचं सांगतो कारण सगळं तिथंच बिघडतं. आपण जातो आणि विचारतो, "मावशी, चळवळीत तुमचं योगदान काय?" मी बीड जिल्ह्यातल्या एका मावशीला असंच विचारलं. ती म्हणली, "मी काय केलं बाबा, मी तर नुसत्या भाकरी थापल्या." आणि गप्प. मी पण गप्प झालो, मग सहज विचारलं की भाकरी कुणासाठी, पीठ कुठून आणलं? तिथून मावशी दीड तास बोलली. गावातल्या गिरणीवाल्यानं वस्तीचं दळण घ्यायचं बंद केलं होतं, मग घराघरातून पसा-पसा ज्वारी गोळा केली, बायांनी रात्री जात्यावर दळली आणि तुरुंगातून सुटून आलेल्या पोरांना पहाटं जेवू घातलं. बोलता बोलता तिचा उजवा हात जात्याचा खुंटा धरल्यासारखा गोल फिरत होता, तिला ते कळतही नव्हतं. बहिष्कार म्हणजे काय ते मला त्या दळणातून कळलं.

तर प्रश्न असे विचारा: सकाळी उठल्यावर पहिलं काम काय असायचं? पाणी कुठून आणायचात, आडावर कोण उभं राहू द्यायचं? शाळेत कुठं बसवायचे? पहिल्यांदा मोर्च्याला गेलात तेव्हा अंगावर काय होतं, तिकिटाला पैसे कुणी दिले, घरचे काय म्हणले? असं विचारलं की माणूस आपोआप आठवायला लागतो. "तुम्हाला कसं वाटलं" हे लगेच विचारू नका, ते त्यांचं ते येतं.

सालाच्या मागं तर बिलकुल लागू नका. म्हाताऱ्या माणसाला साल आठवत नाय आणि आपण चार वेळा विचारलं की त्याला वाटतं आपलं चुकतंय. त्याऐवजी विचारा की हे रझाकारीच्या आधी का नंतर, बाहत्तरच्या दुष्काळात खडी फोडायला जायचात तेव्हाचं का, थोरल्याच्या लग्नाआधी का, किल्लारीच्या भूकंपाच्या वेळी घर कोणतं होतं. भूकंप ३० सप्टेंबर १९९३ चा, नामविस्तार, म्हणजे विद्यापीठाच्या नावात बाबासाहेबांचं नाव जोडलं तो, १४ जानेवारी १९९४ चा, म्हणजे साडेतीन महिन्यांचं अंतर, त्यामुळं त्या काळातलं बरंच काही असं जुळवता येतं. साल तुम्ही घरी येऊन लावा.

वेळ त्यांची बघा, आपली नको. ऊसतोडीला जाणारं घर असेल तर दसरा-दिवाळीनंतर गावात कुलूप दिसतं, ती माणसं गुढीपाडव्याच्या आसपास परततात, म्हणून त्यांच्याकडं उन्हाळ्यातच जा. बायांना दिवसा रोजानं जायचं असतं, रोज बुडवायला लावू नका, संध्याकाळी त्या मेथी निवडत बसल्या की आपण बी एक जुडी घेऊन निवडायला बसायचं आणि बोलायचं. आणि आईला विचारलं की लेक उत्तर देतो, नवरा मधीच "अगं तसं नव्हतं" म्हणतो, हे प्रत्येक घरात होतं. त्यांना म्हणा, दादा तुमचं उद्या वेगळं घेतो, आणि खरंच घ्या.

आता मोबाईलचं. साधा अँड्रॉइड पुरतो, पण एरोप्लेन मोड टाकल्याशिवाय रेकॉर्डिंग सुरूच करायचं नाही. एका आबांचं तुरुंगातलं सांगणं चालू असताना माझ्या मोबाईलवर फोन आला, रेकॉर्डिंग तिथंच थांबलं आणि मला ते वीस मिनिटांनी कळलं. पुढच्या महिन्यात परत गेलो तोवर आबा राहिले नव्हते. ते अजून टोचतं. म्हणून शक्य असेल तर दोन मोबाईल लावा. कॉलरचा माईक स्वस्तात मिळतो, तो घ्या. मोबाईल स्टीलच्या ताटावर किंवा बाजंवर ठेवू नका, घडी घातलेल्या गोधडीवर ठेवा. पंखा बंद, टीव्ही बंद, आणि पत्र्याच्या घरात पाऊस चालू असेल तर सरळ दुसऱ्या दिवशी या. आधी एक मिनिट रेकॉर्ड करून इअरफोननं ऐका. फाईल वेव्ह (WAV) फॉरमॅटमध्ये, म्हणजे आवाज न दाबता, घेतली तर मोनोत (एकाच चॅनेलला) तासाला साधारण ३०० एमबी जागा लागते, तेवढी मोकळी ठेवा. व्हॉट्सॲपवर व्हॉइस मेसेज म्हणून घेऊ नका, आवाज पार दबतो.

परवानगी दोनदा घ्यायची. सुरुवातीला रेकॉर्डिंग चालू करून त्यांच्याच आवाजात, की हे मी कशासाठी घेतोय, कुठं ठेवणार, कोण ऐकणार. आणि सगळं संपल्यावर परत, की मावशी यातलं काय बाहेर जाऊ द्यायचं आणि काय नाय. हे दुसरं विचारणं जास्त महत्त्वाचं आहे, कारण बोलायच्या भरात माणूस गावातल्या लोकांची नावं घेतो, ज्यांनी घर जाळलं ते किंवा त्यांची पोरं आजही त्याच गल्लीत राहतात, केस चालू असू शकते, गायरान जमिनीचं भांडण चालू असू शकतं. आपण रेकॉर्डिंग घेऊन शहरात परत येतो, मावशीला त्याच आडावर जायचं असतं. नावं लपवायची म्हणली तर लपवा, वाद घालू नका. रडू आलं तर रेकॉर्डिंग थांबवा, पाणी द्या, आणि पुढं बोलायचं का ते त्यांना ठरवू द्या.

घरी आल्यावर त्याच रात्री फाईलला नाव द्या: गाव, तारीख, आडनाव नको असेल तर एखादा नंबर. तीन ठिकाणी कॉपी, त्यातली एक दुसऱ्याच्या घरी. मग उतरवून काढा, आणि इथं हात आवरा. "कामून", "आलती", "गेलती" हे सुधारून "का", "आली होती" करू नका, बोली मोडली की माणूस मोडतो. ओवी किंवा भीमगीत आलं तर पूर्ण घ्या, मधी तोडू नका, जात्यावरच्या ओव्यांत बायांनी बाबासाहेबांबद्दल जे गाऊन ठेवलंय ते सगळं कागदावर आलेलं नाही.

शेवटी उतरवलेलं घेऊन परत जा आणि मोठ्यानं वाचून दाखवा. त्या बीडच्या मावशीला मी वाचून दाखवलं तर तिनं मधीच थांबवलं, म्हणली, "ज्वारी नव्हती रे सगळी, दोन घरनं बाजरी आलती, तेबी लिव्ह." दोन्ही घरांची नावं तिनं सांगितली आणि मी तिच्यासमोरच लिहून घेतली.