सातबारा नसलेले घर : ब्रिटनमध्ये स्टॅटिक कॅरॅव्हॅन विकत घेण्याआधी

ब्रिटनमध्ये स्थायिक झालेल्या मराठी घरात मुले शाळेत जाऊ लागली, की कधी ना कधी हा विषय निघतोच. स्केगनेस, ग्रेट यारमथ किंवा वेल्समधल्या पोर्थकॉलसारख्या ठिकाणी भाड्याच्या कॅरॅव्हॅनमध्ये एक आठवडा काढून झालेला असतो, शाळेच्या सुट्टीतल्या त्या सात रात्रींचे बिल मनात सलत असते आणि परतीच्या दिवशी कॅरॅव्हॅन पार्कच्या कार्यालयाबाहेर कॅरॅव्हॅन विक्रीची पाटी दिसते. पुण्या-मुंबईची माणसे लोणावळ्याला किंवा अलिबागला दुसरे घर घेतात, तसेच हे, असे वाटू लागते. ही तुलना डोक्यातून काढून टाकल्याशिवाय या व्यवहाराचे फायदे-तोटे नीट दिसत नाहीत, म्हणून तिच्यापासूनच सुरुवात केलेली बरी.

स्टॅटिक कॅरॅव्हॅन म्हणजे पोलादी सांगाड्यावर उभारलेले, कारखान्यात तयार होणारे सुट्टीचे घर. त्याला चाके असतात, पण ती केवळ जागेवर नेऊन ठेवण्यापुरती; एरवी ते घर ठोकळ्यांवर व जॅकवर उभे असते. विक्रेते त्याचे माप आजही फुटांत सांगतात, आणि '३५ बाय १२' म्हटले की साधारण दोन किंवा तीन शयनगृहे, एक बैठकीची खोली, स्वयंपाकघर आणि शॉवर असे घर समजावे. कायद्याच्या दृष्टीने मात्र हे घर नव्हे, तर जंगम मालमत्ता आहे. त्यामुळे खरेदीवर मुद्रांक शुल्क लागत नाही आणि सुट्टीच्या पार्कवरील मालकाला स्वतंत्र कौन्सिल टॅक्सही (स्थानिक घरपट्टी) भरावा लागत नाही. याच गोष्टीची दुसरी बाजू अशी, की त्यासाठी गहाण-कर्ज मिळत नाही; वैयक्तिक कर्ज किंवा हप्त्यांची खरेदी एवढेच मार्ग उरतात आणि त्यांचे व्याज घराच्या कर्जापेक्षा बहुधा चढेच असते.

आपण विकत घेतो तो डबा. त्याखालची जमीन पार्कमालकाची असते आणि तिच्यावर डबा ठेवण्याचा मर्यादित मुदतीचा परवाना आपल्याला मिळतो. आपल्या नावावर सातबारा नाही, सोसायटीतला हिस्सा नाही आणि ९९ वर्षांचा भाडेपट्टाही नाही. अलिबागच्या वाडीत जमिनीची किंमत वाढते आणि घर जुने होत जाते. इथे जुने होणारे तेवढे आपल्या वाट्याला येते.

म्हणून कॅरॅव्हॅन पाहण्याआधी करार वाचावा. विक्रेता आधी पडदे, सोफा आणि समुद्राकडे उघडणारे काचेचे दार दाखवतो, यात त्याची चूक नाही. परंतु कोऱ्या कराराची प्रत आधी हाती घेऊन दोन रात्री घरी बसून ती वाचावी आणि ती द्यायला जो पार्क टाळाटाळ करील, तिथून परत फिरावे. करारात पहिली गोष्ट पाहायची ती परवान्याची मुदत. ती पार्कनुसार बरीच बदलते. पुष्कळ ठिकाणी १० ते २० वर्षांची असते आणि अनेकदा कॅरॅव्हॅनच्या वयाशी बांधलेली असते. म्हणजे आठ वर्षे वापरलेली कॅरॅव्हॅन स्वस्तात मिळाली आणि पार्कची वयोमर्यादा १५ वर्षांची असली, तर आपण सातच वर्षे विकत घेत असतो. मुदत संपल्यावर ती हलवावी लागते, मिळेल त्या भावाने पार्कला विकावी लागते किंवा नवी घ्यावी लागते. जुनी कॅरॅव्हॅन उचलून दुसऱ्या पार्कवर नेऊ, हा बेत सहसा तडीस जात नाही, कारण बहुतेक पार्क स्वतः विकलेल्या कॅरॅव्हॅनलाच जागा देतात. बाहेरच्या बाजारात जुनी कॅरॅव्हॅन आश्चर्य वाटावे इतकी स्वस्त मिळते, त्याचेही कारण हेच आहे.

दुसरी गोष्ट साइट फी, म्हणजे जागेसाठी पार्कला दरवर्षी द्यायचे शुल्क, वाढवण्याच्या कलमाची. ती दरवर्षी किती आणि कोणत्या निर्देशांकाच्या आधारे वाढू शकते, हे लेखी असले पाहिजे. 'पार्कच्या विवेकानुसार' असे शब्द असतील तर तो विवेक आपल्या खिशातून चालतो. ग्राहक हक्क कायदा, २०१५ नुसार करारातील अन्याय्य अटी ग्राहकावर बंधनकारक नसतात. पण ती अट अन्याय्य आहे हे सिद्ध करण्याची खटपट आपल्यालाच करावी लागते, हेही विसरू नये. तिसरी गोष्ट पुनर्विक्रीची. अनेक करारांत आपण कॅरॅव्हॅन जागेसकट विकली तर पार्क किमतीच्या १५ टक्के दलाली आणि त्यावर व्हॅट घेतो. १०,००० पौंडांना विक्री झाली, तर १,८०० पौंड तिथेच जातात. शिवाय नव्या ग्राहकाला पार्कची मान्यता लागते.

इथे एक गैरसमज वारंवार आढळतो. मोबाइल होम्स कायदा, १९८३ हा कॅरॅव्हॅनमध्ये राहणाऱ्यांना संरक्षण देतो, असे कोणीतरी सांगते आणि ते अर्धवट खरे असते. तो कायदा कायम वास्तव्याच्या पार्कसाठी आहे, सुट्टीच्या पार्कसाठी नाही. सुट्टीच्या कॅरॅव्हॅनला मुख्य निवासस्थान करता येत नाही. पार्क बारा महिने उघडा असला तरी येत नाही, आणि दुसरीकडे आपले कायमचे घर असल्याचा पुरावा म्हणून कौन्सिल टॅक्सचे बिल मागितले जाऊ शकते. राहते घर भाड्याने देऊन आपण समुद्रकाठी राहू आणि त्या भाड्यात साइट फी भागवू, हा हिशेब कागदावर सुरेख जमतो, पण तो कराराचा सरळ भंग आहे.

आता पैशांकडे वळू. पुढचे आकडे केवळ गणिताची रीत दाखवण्यासाठी आहेत; त्यांच्या जागी आपल्या पार्कचे आकडे घालावेत. समजा, दहा वर्षांचा परवाना शिल्लक असलेली कॅरॅव्हॅन ३०,००० पौंडांना घेतली आणि शेवटी तिचे ३,००० पौंड आले. म्हणजे वर्षाला २,७०० पौंड घसाऱ्याचे. साइट फी ५,००० पौंड, विमा २५० पौंड, वीज आणि गॅस ७०० पौंड, बॉयलरची तपासणी व हिवाळ्याची कामे २०० पौंड. बेरीज ८,८५० पौंड. वर्षातून ६० रात्री वापर झाला, तर एका रात्रीला सुमारे १४८ पौंड पडतात. २० रात्रीच झाला, तर सुमारे ४४३ पौंड. शिवाय साइट फी दरवर्षी ५ टक्क्यांनी वाढली, तर दहाव्या वर्षी तीच रक्कम ७,७५० पौंडांच्या घरात जाते. कर्जाचे व्याज आणि जाण्या-येण्याचे पेट्रोल यात धरलेले नाही. सगळा निर्णय वापरलेल्या रात्रींच्या संख्येवर येऊन ठेपतो, आणि ही संख्या उत्साहाच्या भरात नेहमी जास्त धरली जाते. गेल्या वर्षीच्या दिनदर्शिकेतून मुलांचे शनिवारचे क्लास, मंडळाचा गणेशोत्सव, डिसेंबरातील भारतवारी आणि नातलगांची लग्ने वजा करून उरलेले शनिवार-रविवार मोजावेत.

वीज पार्ककडून घेतली जात असेल, तर एक नियम लक्षात ठेवावा. ऑफजेम या वीज-गॅस नियामक संस्थेच्या नियमानुसार, घरगुती वापरासाठी पुन्हा विकल्या जाणाऱ्या विजेवर किंवा नळाच्या गॅसवर पार्कला नफा घेता येत नाही. त्यांनी पुरवठादाराला जो दर दिला, तोच आपल्याला लावायचा. हा दर लेखी विचारायला संकोच करू नये. नव्या कॅरॅव्हॅनच्या किमतीत व्हॅट कसा धरला आहे, हेही विचारावे : एप्रिल २०१३ पासून मोठ्या आकाराच्या सुट्टीच्या कॅरॅव्हॅनवर ५ टक्के व्हॅट आहे, तर 'बीएस ३६३२' या निवासी मानकानुसार बांधलेल्यांवर शून्य. निवासी मानकाच्या घरात उष्णतारोधन अधिक चांगले असते, त्यामुळे फेब्रुवारीतही तिथे बसवते. किंमत अर्थात जास्त असते.

इतके सगळे असूनही लोक कॅरॅव्हॅन का घेतात, आणि पुष्कळजण त्यात सुखी का असतात, याचे उत्तरही तितकेच व्यावहारिक आहे. शुक्रवारी संध्याकाळी ठरवून त्याच रात्री समुद्रकाठी पोहोचता येते. अंथरूण, खेळणी, भिजलेले बूट आणि मिसळणाचा डबा वर्षभर तिथेच राहतो. भारतातून आई-वडील सहा महिन्यांच्या व्हिसावर आले, की त्यांना हॉटेलच्या खोलीत कोंडून न ठेवता, सकाळी स्वतःचा चहा स्वतः करता येईल अशा जागी नेता येते. मुलांना दरवर्षी तेच शेजारी आणि तेच सवंगडी भेटतात. पार्कला भिंत-कुंपण असल्याने ती सायकलवर मोकळी सुटतात. लेस्टर किंवा बर्मिंगहॅमच्या अंगणाएवढ्या बागेत वाढणाऱ्या मुलांच्या दृष्टीने याची किंमत पौंडांत लावता येत नाही, आणि लावूही नये, मात्र त्या साठ रात्री खरोखर होत असतील तरच.

ज्येष्ठांसाठी घेत असाल, तर दोन गोष्टी पाहाव्यात. कॅरॅव्हॅनचा मजला जमिनीपासून बराच उंच असतो, तेव्हा पायऱ्यांना कठडा हवा किंवा लाकडी डेकिंगला उतार हवा, आणि डेकिंगचा खर्च बहुधा वेगळा असतो. शयनगृहे अरुंद असतात; पलंगाच्या एका बाजूने उठता येते ना, हे प्रत्यक्ष झोपून पाहावे. स्वयंपाकाविषयीही सांगितले पाहिजे. जागा लहान आणि छत बुटके, त्यामुळे मोहरी-हिंगाची फोडणी पडली की धुराचा गजर वाजतो. आम्ही भाड्याने घेतलेल्या कॅरॅव्हॅनमध्ये कांदेपोह्यांच्या फोडणीने शेजाऱ्यांना रविवारी सकाळी आठलाच जागे केले होते. गजराची बॅटरी काढणे हा उपाय नव्हे. खिडकी आणि धुराड्याचा पंखा आधी चालू करावा. कुकरची वाफही खिडकीबाहेर गेली पाहिजे, नाहीतर ती थंड भिंतींवर पाणी होऊन बसते आणि गादीमागे बुरशी धरते.

ओल आणि गारठा हे कॅरॅव्हॅनचे खरे शत्रू. पाइपमधले पाणी गोठून फुगले की सांधे फुटतात, आणि बर्फ वितळल्यावर पाणी अनेक दिवस कोणाच्याही नकळत वाहत राहते. म्हणून हंगाम संपला की मुख्य नळ बंद करून बॉयलर व सगळे पाइप रिकामे करावेत, हवेच्या दाबाने उरलेले पाणी काढावे आणि मोरीच्या व संडासाच्या वळणांत गोठणरोधक द्रव ओतावा. बऱ्याच विमा कंपन्यांची ही अटच असते, तेव्हा पार्ककडून काम करून घेतल्यास पावती जपून ठेवावी. गाद्या उभ्या करून भिंतीपासून दूर ठेवाव्यात, कपाटांची दारे उघडी ठेवावीत. हिवाळ्यात जाणार असाल तर गॅसच्या बाटल्या प्रोपेनच्या हव्यात. ब्युटेन शून्य अंशाच्या आसपास वायूरूप होणे थांबवते आणि नेमक्या थंडीच्या रात्री शेगडी विझते.

भाड्याने देऊन खर्च काढता येईल का? थोडा निघतो. पण भाड्याला मागणी असते ती शाळेच्या सुट्ट्यांत, म्हणजे नेमके आपल्याला जायचे असते तेव्हा. त्यासाठी पार्कची परवानगी, वेगळा विमा आणि गॅस सेफ नोंदणीकृत तंत्रज्ञाकडून वार्षिक तपासणी लागते, उत्पन्नावर कर लागतो, आणि सुट्टीच्या घरांच्या भाड्याला असलेली खास करसवलत एप्रिल २०२५ पासून रद्द झाली आहे. भाड्यावर हिशेब बसत असेल तरच घेईन, असे म्हणणाऱ्याने घेऊच नये, असे माझे मत आहे.

जागा निवडताना समुद्राचे दृश्य शेवटी पाहावे, आधी पुराचा नकाशा. लिंकनशायरच्या सखल किनाऱ्याने ३१ जानेवारी १९५३ च्या रात्रीचा पूर पाहिला आहे. त्या पुरात इंग्लंडमध्ये ३०७ माणसे दगावली. तिथले अनेक पार्क हिवाळ्यात बंद ठेवावे लागतात, त्यामागे पुराचा धोका हे कारण आहे. यॉर्कशायरचा होल्डरनेस किनारा तर युरोपातील सर्वांत वेगाने झिजणाऱ्या किनाऱ्यांपैकी एक आहे. तिथली चिकणमाती वर्षाला सरासरी दीड-दोन मीटर समुद्रात जाते आणि कड्यालगतच्या कॅरॅव्हॅनच्या रांगा मागे सरकवाव्या लागतात. ब्रिटनच्या कॅरॅव्हॅन उद्योगाचे माहेरघर असलेले हल शहर त्याच भागात आहे, हा एक योगायोगच. एन्व्हायर्न्मेंट एजन्सीचे इंग्लंडच्या पुराचे नकाशे संकेतस्थळावर फुकट पाहता येतात.

पार्क पसंत पडला, तर त्याच पार्कवर ऑक्टोबरच्या अखेरीस एक भाड्याची कॅरॅव्हॅन घेऊन तीन रात्री राहावे. पाऊस असेल तर उत्तमच. दुपारी छत्री घेऊन मालकांच्या रांगांतून चक्कर मारावी आणि ज्यांच्या खिडकीत दिवा आहे त्यांना दोनच प्रश्न विचारावेत : गेल्या पाच वर्षांत साइट फी किती वाढली, आणि ज्यांनी कॅरॅव्हॅन विकली त्यांच्या हाती शेवटी किती पैसे आले. लोक चहा पाजून सविस्तर सांगतात.