हिमालयात पीक (म्हणजे शिखर) करायला निघालात? या चुका टाळा (पहिली तर नक्कीच)

इंदूर साडेपाचशे मीटरवर. आपली पोरं जवळची जानापाव टेकडी चढून येतात, जे नऊशे मीटरसुद्धा नाही, बायपासवर दहा किलोमीटर पळतात आणि मला सांगतात, काका, फिटनेस एकदम रेडी, चार दिवसांत पीक मारून येतो. अरे बाबा, साडेपाच हजार मीटरवर ऑक्सिजन निम्माच मिळतो, पळणाऱ्याला पण आणि ढेरीवाल्याला पण.

सगळ्यात डोक्यात जाणारी चूक म्हणजे डोकं दुखतंय हे लपवणं. मनालीजवळच्या फ्रेंडशिप पीकला (5289 मीटर) आमच्याबरोबर असाच एक मॅरेथॉनवाला होता. लेडी लेग कॅम्पला संध्याकाळी मी शेवेची पुडी फोडली, तर हा नको म्हणाला. इंदूरचा माणूस आणि शेव नको? मी विचारलं तर म्हणे, ‘काही नाही काका, उन्हानं डोकं चढलंय.’ आणि मी मूर्ख, सोडून दिलं. रात्री दीडला लघवीला उठला तर तंबूची चेन सापडेना, पाय फाकवून दारुड्यासारखा चालतोय. दोर जमिनीवर टाकून त्यावर टाचेला चवडा लावून चालायला लावलं, तिसऱ्या पावलाला कोसळला. उंचीमुळे मेंदूला सूज. गाइडनं सूज उतरवणारं डेक्सामेथासोनचं इंजेक्शन दिलं आणि तसंच अंधारात दोन्ही बाजूंनी धरून खाली बकरथाचला आणलं. सकाळी शुद्धीवर येऊन चहा मागितला, मग कबूल केलं की दुपारपासून उलट्या होत होत्या आणि हा गुपचूप पेनकिलर खात होता!

तेव्हापासून रोज संध्याकाळी सगळ्यांना दोरावर चालवतो, हसले तरी चालवतो. आणि कोणी जेवण टाकलं की दुसऱ्या दिवशी वर जाणं बंद. तीन हजारच्या वर झोपायची उंची रोज पाचशे मीटरपेक्षा जास्त वाढवायची नाही, तीन-चार दिवसांनी एक दिवस मुक्काम. डायमॉक्स, म्हणजे उंचीची सवय व्हायला मदत करणारी गोळी, डॉक्टरला विचारून घ्या, पण ती खाऊन दोन दिवस वाचवायचे हा हिशोब माझ्यासमोर मांडू नका. बसल्या जागी धाप लागली, खोकल्यात फेस आला तर फुप्फुसात पाणी, तेव्हा सकाळची वाट न बघता खाली.

दुसरी चूक म्हणजे, ताजा बर्फ पडला, ऊन निघालं, चला फोटो मस्त येतील! नव्या बर्फानंतर निदान एक दिवस तरी मी हलत नाही, वारा असेल तर जास्तच. हिमस्खलनाला 30 ते 45 अंशांचा उतार सगळ्यात वाईट. ओरडल्यानं हिमस्खलन होतं हे सिनेमातलं, खरं ते तुमच्या वजनानं सुटतं. पायाखाली ‘धप्प’ असा पोकळ आवाज आला तर मागं फिरा. उतार एकेकानं ओलांडा, बीकन (गाडलेल्याला शोधायचं सिग्नल यंत्र) अंगावर, फावडं आणि प्रोब (बर्फात खुपसून शोधायची लांब काठी) सॅकमध्ये, कारण गाडलेला माणूस पहिल्या पंधरा मिनिटांत निघाला तर बहुतेक वाचतो, अर्ध्या तासानंतर अवघड, आणि तेवढ्यात हेलिकॉप्टर येत नसतं. 4 ऑक्टोबर 2022 ला उत्तराखंडातल्या द्रौपदी का डांडा-2 शिखरावर हिमस्खलनात गेले ते गिर्यारोहणाचा कोर्स करणारे आणि शिकवणारेच होते, हौशे-नवशे नव्हते.

बाकी पटापट. समिटला मध्यरात्री निघा, ऊन चढायच्या आत उतरा. कॉटनची बनियन घरी ठेवा. नवे बूट महिनाभर इथेच इंदूरला घाला, राजवाडा चौकात लोक बघतील, बघू दे. काळा चष्मा ढगातही काढू नका. हातमोज्यांना मी नाडी लावून मनगटाला बांधतो, लहान मुलांना बांधतात तशी, एक जोडी उडालेली पाहिलीये.