पोराच्या हातातला मोबाईल सुटावा असं वाटतंय? आधी आपला ठेवा

आमचा दहावीत. एकदा रात्री दीडला पाणी प्यायला उठलो तर चादरीच्या आत उजेड. मी फोन हिसकावला आणि कपाटात टाकला, दोन दिवस घरात कोणी कोणाशी धड बोललं नाही आणि तिसऱ्या दिवशी कळलं की साहेब आईच्या फोनवरून चालूच होते. तर हिसकावणं बाद.

आमच्याकडे चाललं ते असं. रात्री दहाला सगळ्यांचे फोन, म्हणजे माझा पण, हॉलमधल्या बोर्डावर चार्जिंगला. मेनरोडवरून गजराचं साधं घड्याळ आणलं, कारण "अलार्म लावायचाय" हा एक नंबरचा बहाणा. पहिले चार दिवस माझेच हात शिवशिवत होते, खोटं कशाला बोलू. त्यात पोरगा म्हणाला, पप्पा तुम्ही जेवताना रील बघता ते चालतं का? मग जेवतानाचं पण बंद. या वयात ८ ते १० तास झोप लागते, आमच्याकडे सहाची पण बोंब होती.

फॅमिली लिंक (पोराच्या फोनवर मर्यादा घालायचं गूगलचं ॲप) लावायचं तर पोराला शेजारी बसवून लावा, चोरून लावलं की ते दुसरी वाट काढतातच. इन्स्टावर टीन अकाउंट (१८ च्या आतल्यांसाठीचं खातं) असेल तर रात्री १० ते सकाळी ७ नोटिफिकेशन आपोआप गप्प होतात आणि १६ च्या आतल्यांना सेटिंग सैल करायला आईबापाची परवानगी लागते. पण जन्मतारीख खोटी टाकलेली असेल तर सगळं फुकट, ती आधी बघा.

आता मेन गोष्ट. फोन काढला की पोकळी राहते, ती भरा. आम्ही रविवारी सकाळी नाशिकची पांडवलेणी चढतो, खाली आलो की मिसळ. समोर बसवून "काय झालं सांग" म्हटलं की पोरं "काही नाही" म्हणतात, पायऱ्या उतरताना आपोआप बोलतात. तिथंच कळलं की त्याला मित्रांनी ग्रुपमधून काढलेलं आणि तो रात्रभर ते लोक काय टाकतायत ते बघत बसायचा. मी सल्ला दिला नाही, तर्री जास्त मागवली फक्त.

दोनेक आठवडे झोप-जेवण बिघडलेलं, मित्र तोडलेले असं दिसलं तर डॉक्टरांना दाखवा, आणि मरणाची भाषा आली तर एक दिवस पण थांबू नका, एकटं सोडू नका. टेली मानस, म्हणजे मानसिक त्रासासाठीची सरकारी हेल्पलाइन, १४४१६, फुकट, चोवीस तास, मराठीत बोलता येतं. आमच्या फ्रिजवर चिकटवलाय, पोराच्याच अक्षरात.