मीटिंग लावण्याआधीची तयारी

रावेर-सावद्याकडून केळीची गाडी दिल्लीला गेली आणि तिकडून फोटो आला: साल करडी, पिवळेपणा नावाला. नव्या कंपनीच्या मालकाने अशा वेळी लगेच सगळ्यांना खोलीत बोलावू नये.

आधी अडचण एका वाक्यात लिहून काढा. 'क्वालिटी घसरली' एवढ्याने भागत नाही. किती खोकी, कोणती गाडी, कोणत्या बागेची कटाई, कधी भरली, हे त्यात यायला हवं. त्या वाक्यात कोणाचं नाव नको आणि उपायही नको. 'सुपरवायझर बदला' असं लिहिलंत, तर तपास सुरू होण्याआधीच निकाल लागला.

मग थर्मामीटर घेऊन जागेवर जा. फण्या सुटताना, चीक धुतला जाताना, खोकी भरताना उभे राहून बघा. केळी 13 अंशांखाली गेली की सालीला थंडी बाधते, मग ती नीट पिवळी होत नाही. भुसावळकडे मे महिन्यात पारा 45 च्या आसपास असतो, तेव्हा माल जपायचा म्हणून ड्रायव्हरने गाडी 10 अंशांवर लावली असेल, तर त्यात त्याची नियत वाईट नाही. गाडीच्या पॅनेलवरचा आकडा बघून समाधान मानू नका, खोक्याच्या आतलं तापमान मोजा. आणि ड्रायव्हरला 'काय व्हयनं भाऊ?' (काय झालं?) असं विचारा. 'कोणी केलं?' म्हटलं की तोंडं शिवली जातात.

टोयोटाच्या कारखान्यातून आलेली पाचदा 'का' विचारायची पद्धत इथे कामी येते. 10 अंश का? कोणी सांगितलंच नाही. का? गाडी भरायच्या चिठ्ठीवर तापमानाचा रकानाच नाही. इथेच थांबा, पाचाचा आकडा पुरा करायचा नवस काही बोललेला नाही.

पैशाचा कागदही सोबत ठेवा: बँकेत किती, पगार किती महिने निघतील, येणं किती अडकलंय. सूक्ष्म किंवा लघु उद्योग म्हणून सरकारकडे 'उद्यम' नोंदणी असेल तर 2006 च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्याने खरेदीदाराला जास्तीत जास्त 45 दिवसांत पैसे द्यावे लागतात, आणि मालाबद्दलची हरकत 15 दिवसांत लेखी घ्यावी लागते. नुसत्या व्यापाऱ्याला हे संरक्षण नाही, तेव्हा आपण कशात मोडतो ते सीएला आधीच विचारून ठेवा.

निर्णय कोणाचा, हेही ठरवा. चुकला तर उद्या फिरवता येईल असा निर्णय खालच्या माणसावर सोडा. खोक्याची चिकटपट्टीसुद्धा स्वतः निवडणारे मालक मी पाहिलेत, त्यांना मोठ्या गिऱ्हाइकाला फोन करायला वेळ उरत नाही.

आता मीटिंग लावा. गाडी भरणाऱ्यालाही बोलवा आणि त्याला पहिल्यांदा बोलू द्या. मालक आधी बोलला की बाकीचे 'हो दादा' म्हणून मोकळे होतात. उठण्याआधी चिठ्ठीत रकाना कोण टाकणार आणि पुढच्या कोणत्या गाडीवर तपासणार, ते लिहून घ्या.