थंडीत पक्षी बघायला जाताय? ऊन पाठीवर घ्या

पाणवठ्यावर अशा बाजूने जा की सूर्य पाठीमागे राहील, नाहीतर समोरून ऊन आलं की सगळी बदकं नुसती काळी दिसतात, रंग काही कळत नाही. दुर्बीण ८×४२ ची (म्हणजे आठ पट मोठं दाखवणारी, पुढची भिंगं ४२ मिमीची) पुरते. पक्षी दिसला की नजर त्याच्यावरून हलवू नका, तशीच दुर्बीण डोळ्यांपाशी आणा, पटकन सापडतो. आणि प्लीज फार जवळ जाऊ नका, खाता खाता सगळ्यांनी माना वर केल्या की समजायचं आपण जास्तच पुढे आलोय, तिथेच थांबा, रात्रभर थंडी काढून सकाळी त्यांना पोट भरायचं असतं, उगाच उडवलं तर ताकद वाया जाते बिचाऱ्यांची. परतताना गावालगतच्या नांगरलेल्या शेतात शेपटी वरखाली हलवत फिरणारा धोबी पक्षी दिसतो का तेही बघा.